निवासी उद्यानरचना

घराभोवतीची मोकळी जागा, गच्ची वा सज्जा रहिवाशांच्या गरजेप्रमाणे वावरण्याजोगी करणारी आखणी. महाराष्ट्रात तिचे मूळ वाड्याचा चौक, तुळशीवृंदावन आणि मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळी-अळू यांत आढळते (→ परसबाग; वाडा). पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या (१९७२) आखीव भूखंडांवर बंगल्याभोवतीच्या बागेस वाव मिळाला. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या तळवड्यासारख्या गावांत, जेथे इमारती उठल्या तेथे, अंगणाचे काम गच्ची व सामाईक बाग करतात.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. म्हणून फरसबंदीखालून ती काढून मुरूम धुमसतात व उतार देतात. एरवी शहाबादी फरशी उचलली जाते. गच्चीवर भार निर्णायक : ३० सेंमी. जाडीच्या ओल्या मातीचे वजन चौ. मीटरला सु. ५०० किग्रॅ. भरते. त्यामुळे कोकोपीटमिश्रित हलकी माती वापरतात. तिच्याखाली निचऱ्याचा व जलरोधक थर असतो. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर असल्याने ठिबक (→ ठिबक सिंचन) सोयीचे. बहावा, पारिजातक, सोनचाफा, कढीलिंब येथे सहज रुजतात. हिरवळीला मात्र उन्हाळाभर पाणी लागते. वृक्षतोडीस १९७५ च्या अधिनियमान्वये परवानगी आवश्यक (→ वृक्ष प्राधिकरण).