चाकावरचे एरियल

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर ऐरोली वसलेली आहे. तिच्या पश्चिमेस खारफुटी आणि भरती-ओहोटीचे पाणी, तर पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग. १९७० साली सिडको स्थापन होऊन नवी मुंबई आकारास येऊ लागली, त्यापूर्वी येथे आगरी-कोळ्यांची वस्ती होती. पुढे १९९९ साली खाडीवर पूल झाला आणि मुलुंडास जाण्यासाठी ठाण्याचा वळसा घेण्याचे कारण उरले नाही. बिनतारी संदेशास मात्र पुलाची गरज कधीच नव्हती. खाडीपलीकडचे मुलुंड-भांडुप त्याच्या दृष्टीने सदैव अंगणात होते, आणि डोंगराआडचे मुंब्रे व कल्याण, अंतराने फारसे लांब नसूनही, सदैव परगावी. अशा ठिकाणी ज्यास बिनतारीचा छंद जडला, तो घराच्या गच्चीवरील तारेवर फार दिवस संतुष्ट राहत नाही. यंत्र गाडीत घालावे, आडवाटेने उंचावर चढावे आणि तेथून बोलावे, अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होतेच. त्यासाठी त्यास हवी असते चारही चाकांस जोर पुरविणारी जीपसारखी लहान गाडी, आणि त्या गाडीवर उभे राहू शकेल असे एरियल. गाडी विकत मिळते. एरियलची कथा मात्र शंभराहून अधिक वर्षांची असून तिचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबई शहरातच घडलेला आहे.

हौशी बिनतारीवाला म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेला आणि पैशाच्या लाभावाचून केवळ आवडीखातर संदेशांची देवघेव करणारा मनुष्य. जगभर त्यास ‘हॅम’ असे म्हणतात. त्याच्या सर्व खटपटीच्या मुळाशी निसर्गाचा एक साधा नियम आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा उलगडा होणार नाही. एरियलची उंची लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी असली म्हणजे, तंबोऱ्याची तार सुरात लागावी तसे, ते लहरीशी जुळते. दोन मीटर लांबीच्या लहरीस अर्ध्या मीटरची काठी पुरते. चाळीस मीटरच्या लहरीस दहा मीटरांचा, म्हणजे तीन मजली घराएवढा उंच खांब लागतो. शिवाय उभ्या काठीस खाली एक जोडीदार हवा. इमारतीजवळ ते काम जमिनीत पुरलेल्या तारा करितात; गाडीवर ते गाडीच्या पत्र्यालाच करावे लागते. म्हणून गाडीवरच्या एरियलचा दिसणारा अर्धा भाग काठी आणि न दिसणारा अर्धा भाग गाडी, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ह्यातही ऐकणाऱ्याची स्थिती बोलणाऱ्याहून सुखाची असते. ऐकणाऱ्याचे तोकड्या तारेवर भागते. कारण तारेच्या तोकडेपणामुळे संदेश क्षीण झाला, तर वातावरणातील खरखरही तितकीच क्षीण होते, आणि उरलेले काम यंत्र वाढवून करिते. बोलणाऱ्यास ही सवलत नाही. तोकड्या तारेत घातलेली त्याची शक्ती आकाशात जाण्याऐवजी उष्णता होऊन वाया जाते.

मार्कोनीने १९०१ साली इंग्लंडात वाफेच्या एका मालगाडीवर बिनतारी यंत्र बसविले, तेव्हा त्यास ह्याच नियमाशी झगडावे लागले. गाडीच्या छपरावर त्याने धातूचे एक उंच नळकांडे उभे केले होते. गाडी चालू लागली की ते आडवे निजवावे लागे. वीसेक मैलांपर्यंत संदेश जाई, परंतु त्या गाडीकडे पाहून कारखान्याचे धुरांडे रस्त्याने चालले आहे असाच भास कोणासही व्हावा. पुढे १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या मोटारींत बिनतारी यंत्रे घातली. पण ती केवळ ऐकणारी होती. मुख्य ठाण्याने हुकूम सोडावा आणि शिपायाने मुकाट्याने ऐकावा, अशी ती व्यवस्था. त्या काळच्या मोटारींची छपरे लाकडी सांगाडा आणि कापड यांची असल्याने एरियलची जाळी छपरातच शिवून टाकता येई. १९३५ च्या सुमारास सबंध पोलादी छपरे आली आणि एरियलास छपराबाहेर यावे लागले. मोटारींच्या कडेस उभी राहिलेली ती बारीक काठी ही अशी एका कारखानदारी सुधारणेतून जन्मास आली.

हिंदुस्थानात १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला. बहुतेकांनी तो मानला. ज्यांच्याजवळ यंत्रविद्या आणि देशाभिमान अशी दोन्ही होती, अशा थोड्यांच्या ज्ञानाचे चीज मात्र तीन वर्षांनी झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होऊन पुढारी पकडले गेले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस, चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’ नावाच्या इमारतीतून, ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचे शब्द उमटले. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही मंडळी होती, शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांचे साहाय्य होते, आणि डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते पाठीशी होते.

४२.३४ मीटर ह्या आकड्याकडे चरित्रकार सहसा लक्ष देत नाहीत. बिनतारीच्या जाणकारास मात्र तो आकडा बोलका वाटतो. हौशी मंडळींचा जो चाळीस मीटरांचा प्रसिद्ध पट्टा, त्याच्या आतच ही लहर येते. तिचा चौथा हिस्सा दहा मीटरांहून अधिक, आणि निम्मा हिस्सा एकवीस मीटरांचा. ह्याचा अर्थ असा की ते केंद्र मोटारीत घालून मुंबईभर हिंडविणे व्यवहारात अशक्यप्राय होते. त्यास इमारत हवी, गच्ची हवी आणि लांब तार हवी. म्हणून चौपाटी सोडून लॅबर्नम रोडवरील ‘अजित व्हिला’, तेथून सँडहर्स्ट रोडवरील ‘लक्ष्मी भुवन’, मग गिरगावातील ‘पारेखवाडी’ आणि अखेरीस महालक्ष्मीजवळचा ‘पॅराडाइज’ बंगला, अशी बिऱ्हाडे बदलावी लागली. प्रत्येक बिऱ्हाडी नवा मालक आणि नवे शेजारी, आणि प्रत्येक वेळी ते अवजड सामान कोणाच्या दृष्टीस पडू न देता हलवावयाचे. पाठलाग करणाऱ्या पोलिसांजवळ मात्र दिशाशोधक यंत्रे बसविलेल्या गाड्या होत्या. त्या केवळ ऐकणाऱ्या. त्यांना वेटोळ्याच्या आकाराचे लहानसे एरियल पुरे. वेटोळे फिरवीत जावे, ज्या बाजूस आवाज लोपेल तीवरून दिशा ओळखावी, अशी ती युक्ती. बोलणारा घरात अडकलेला आणि ऐकणारा चाकांवर मोकळा, असा हा विषम सामना सुमारे अडीच महिने चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘पॅराडाइज’वर छापा पडला. तोही त्या गाड्यांच्या बळावर नव्हे, तर यंत्राच्या एका जाणकाराकडून पोलिसांस पत्ता लागल्यामुळे, असे उषाबाईंनी पुढे सांगितले आहे. खटल्यात बाबूभाई खाकर यांस पाच वर्षांची आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली.

इकडे हे घडत असता सातासमुद्रापलीकडे बोलणाऱ्यास चाके मिळत होती. अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड ह्या कारखान्यांनी १९४१ पासून जीपगाड्या बनविण्यास आरंभ केला, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सहा लाखांवर गेली. त्यांपैकी कित्येकींवर बिनतारी यंत्रे चढविण्यात आली. एरियल म्हणजे एकात एक पेचाने बसणारे पोलादी तुकडे. हवे तितके जोडावेत आणि मागच्या कोपऱ्याजवळ चिनीमातीच्या बैठकीवर उभे करावेत. बैठकीखाली दणकट स्प्रिंग, म्हणजे झाडाची फांदी लागली तर काठी वाकेल, मोडणार नाही. तोकडी काठी लांब लहरीशी जुळविण्यासाठी मध्ये तारेचे वेटोळे घालण्याची युक्तीही वापरात होती. सर्वांत मोठा शत्रू मात्र गाडीच्याच पोटात होता. इंजिनातील प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले बिनतारी केंद्रच. तिच्या तडतडीने ऐकणाऱ्याचे कान किटत. त्यावर उपाय म्हणून ठिणगीच्या तारांत रोधक घातले, आणि बॉनेट, मडगार्ड, इंजिन व सांगाडा हे सर्व तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडले. ज्या गाडीवर हे संस्कार झाले, तिच्या क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगविलेले असे. हे पट्टे तडतड थांबवीत, आणि त्याचबरोबर गाडीचे सुटे पत्रे एकजीव करून काठीस भक्कम जोडीदारही पुरवीत.

युद्ध संपल्यावर जीप मुंबईस आली ती नागरी वेषात. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र आणि मोहमद ह्या पेढीतील मलिक गुलाम मोहमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि पेढीचे नाव १९४८ साली महिंद्र आणि महिंद्र असे झाले. १९४७ मध्ये सुट्या भागांच्या रूपाने पहिल्या ७५ गाड्या आल्या. १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात जीपची जुळणी झाली. त्याच सुमारास सैन्याची शिल्लक बिनतारी यंत्रे बाजारात येऊन हौशी मंडळींच्या हाती पडू लागली होती. त्यांची देशव्यापी संघटना १९४८ साली महू येथे, सैन्याच्या संदेशवहन शाळेच्या आश्रयाने उभी राहिली. १९३९ मध्ये ज्यांच्याकडून यंत्रे काढून घेतली, त्यांनाच सैन्याने टाकलेली यंत्रे मिळावीत, हा काळाचा एक गमतीदार न्याय होय.

जीपवर एरियल बसविणे घोडागाडीस कंदील बांधण्याइतके सोपे असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. साध्या मोटारीस पोलादी छप्पर असते. त्याच्या बरोबर मध्यावर काठी उभी केली की चहूबाजूंस सारखे बोलता येते. जीपच्या डोक्यावर ताडपत्री. तिच्यावर लोहचुंबकी बैठक चिकटत नाही, आणि चिकटली तरी खाली पत्रा नसल्याने काठीला जोडीदार उरत नाही. मग पुढचा मडगार्ड, काचेच्या चौकटीची बिजागरी, मागचा कोपरा आणि बंपर एवढ्याच जागा राहतात. बंपर दिसावयास मजबूत, परंतु तेथे काठीचा निम्मा भाग गाडीच्या आडोशास जातो. मागचा कोपरा त्यातल्या त्यात बरा. तेथून आवाज समोरच्या विरुद्ध कोपऱ्याच्या दिशेने थोडा अधिक जातो, हे लक्षात ठेवून गाडी उभी करावी म्हणजे झाले. दोन मीटरच्या लहरीसाठी अर्ध्या मीटरची काठी कोठेही निभावते. अडचण चाळीस मीटरांची. अडीच मीटरांच्या काठीत वेटोळे घालून लहर जुळविता येते, पण शंभर वॅट शक्तीपैकी आठ-दहा वॅट आकाशात गेले तरी समाधान मानावे लागते. वेटोळे बुडाशी न ठेविता काठीच्या मध्यावर ठेविले तर थोडे अधिक साधते. मात्र मग ते जड वेटोळे खाचखळग्यांत गदगदा हलते आणि काठीच्या मुळावर ताण आणते.

इतका उपद्व्याप कशासाठी, ह्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाले. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक निजले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली; सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. त्यानंतर हौशी बिनतारीवाले आपली यंत्रे घेऊन त्या भागात पोहोचले आणि मदतकार्याचे निरोप पोहोचवू लागले. अशा प्रसंगी मुंबईच्या माणसापुढे सह्याद्रीचा प्रश्न उभा राहतो. दोन मीटरची लहर सरळ जाते, म्हणून डोंगर तिला अडवितो. चाळीस मीटरची लहर वर पाठविली तर ती वातावरणाच्या उंच थरावरून परतून घाटापलीकडे उतरते. पण उभी काठी डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवीत नाही. तिचा कल क्षितिजाकडे. म्हणून अनुभवी माणूस गाडी थांबवितो, लांब काठी वाकवून तिचे टोक दोरीने गाडीच्या दुसऱ्या टोकास बांधतो, आणि मग शेदोनशे मैलांवरचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागतो. सैनिकी जीपांच्या छायाचित्रांत अशा धनुष्यासारख्या वाकलेल्या काठ्या दिसतात. पाहणाऱ्यास वाटते, झाडांत अडकू नये म्हणून बांधली असावी. तेही एक कारण असतेच.

ऐरोलीच्या माणसास ह्या सर्व इतिहासाखेरीज स्थानिक हवेचाही विचार करावा लागतो. खाडीचे खारे पाणी बिनतारीचे मित्र आहे. त्याच्या काठी गाडी उभी केली तर क्षितिजाकडे जाणारा आवाज कोरड्या जमिनीपेक्षा खूपच दूर पोहोचतो. परंतु तोच खारा वारा गाडीच्या पत्र्याचा वैरी. बैठकीखालचा रंग खरवडून उघडा केलेला भाग, तांब्याच्या पट्ट्यांची टोके आणि बोल्टांखालचे वायसर ह्यांवर एका पावसाळ्यात हिरवट-तांबूस पापुद्रा चढतो. काठी दिसावयास तशीच उभी असते. मात्र तिच्या जोडीदाराशी तिचा संबंध तुटलेला असतो, आणि मालक नवे यंत्र घेण्याच्या विचारात पडतो. म्हणून मृगापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा हे सर्व जोड सोडून, घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळणे इष्ट. दुसरी वेळ दसऱ्याची साधावी. त्या दिवशी गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालावयाचीच असते.