घरगुती सर्व्हर : डिस्कची मांडणी आणि फाइल सिस्टीमची निवड

लग्नाचे अल्बम, मुलांची छायाचित्रे, देवळातील उत्सवांचे चित्रीकरण, नाटकांच्या ध्वनिफिती, जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती... गेल्या वीस वर्षांत घराघरांतील स्मृतींचा ठेवा कपाटातून उठून हार्ड डिस्कवर गेला. कपाटाला वाळवी लागते हे आपल्याला ठाऊक होते. डिस्कलाही आयुष्याची मर्यादा असते, हे मात्र ती बंद पडल्यावरच उमगते. प्रस्तुत लेखकाच्या घरी आजोबांच्या हस्तलिखित पद-संग्रहाचे स्कॅन ‘दोन प्रतींत’ सुरक्षित होते. दोन्ही प्रती एकाच डिस्कवरील दोन फोल्डरांत होत्या. डिस्क गेली त्या दिवशी दोन्ही गेल्या. मूळ वही त्याआधीच्या पावसाळ्यात भिजून चिकटली होती.

असा ठेवा एका ठिकाणी आणून घरातील सर्वांना उपलब्ध व्हावा, यासाठी अनेक कुटुंबे आता घरगुती सर्व्हरचा विचार करतात. जुना संगणक, त्यात दोन-तीन डिस्क आणि लिनक्सवर चालणारी एखादी प्रणाली एवढ्यावर काम भागते. मात्र डिस्क कशा मांडायच्या आणि त्यांवर कोणती फाइल सिस्टीम घालायची, हे दोन निर्णय आरंभीच घ्यावे लागतात. पुढे ते बदलायचे तर सर्व माहिती दुसरीकडे हलवून पुन्हा आणावी लागते.

आधी मोजदाद

खरेदीपूर्वी माहितीची तीन गटांत विभागणी करावी. पहिला गट पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींचा : कौटुंबिक छायाचित्रे, कागदपत्रे, स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे. दुसरा कष्टाने पुन्हा उभ्या करता येणाऱ्यांचा : स्कॅन केलेली पण मूळ प्रत शाबूत असलेली पुस्तके, स्वतःच्या सीडींवरून उतरवलेले संगीत. तिसरा सहज मिळणाऱ्यांचा : डाउनलोड केलेले चित्रपट, सॉफ्टवेअर. बहुतेक घरांत पहिला गट आकाराने सर्वांत लहान असतो. सर्वाधिक खर्च आणि काळजी त्याच्यासाठीच राखावी.

आकार मोजताना एक फरक ध्यानात ठेवावा. उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात, तर अनेक संगणक द्विमान पद्धतीने. त्यामुळे ४ टीबीची डिस्क पडद्यावर सुमारे ३.६४ एवढीच दिसते. ही फसवणूक नव्हे. आजच्या गरजेच्या दुप्पट जागा धरावी, म्हणजे पाच-सहा वर्षांची सोय होते.

डिस्क निवडताना

हार्ड डिस्कमध्ये लेखनाच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत चुंबकीय मार्ग एकमेकांपासून वेगळे असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात; तसेच येथे थोडा मजकूर बदलण्यासाठी लगतचा बराच भाग पुन्हा लिहावा लागतो. एकाकी बॅकअप डिस्क म्हणून एसएमआर चालते, परंतु अनेक डिस्कच्या संचात, विशेषतः बिघडलेली डिस्क बदलून नवी भरताना, ती अतिशय मंदावते. खरेदीपूर्वी उत्पादकाच्या तपशीलपत्रकात पद्धत पाहून घ्यावी.

ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्र लहान एसएसडीवर ठेवावी. १२० ते २५० जीबी पुरेसे होतात. माहितीच्या डिस्कवर फक्त माहिती असली, की प्रणाली बिघडल्यास ती पुन्हा बसवता येते आणि ठेव्याला धक्का लागत नाही. यूएसबीने जोडलेल्या डिस्कचा संच करणे टाळावे. केबल किंचित हलली तरी डिस्क क्षणभर दिसेनाशी होते आणि संच तिला निकामी समजतो.

रेड : किती डिस्क गमावता येतील?

अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाचा संच करण्याची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. ‘रेड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. घरापुरते त्याचे चार प्रकार समजून घ्यावेत.

रेड ० मध्ये माहिती दोन डिस्कवर वाटली जाते. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळे गेले. ठेव्यासाठी तो वर्ज्य मानावा.

रेड १ म्हणजे मिरर. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर वापरायला ४ टीबी मिळतात. निम्मी जागा जाते, परंतु रचना साधी असते आणि दुरुस्ती सोपी.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे हरवलेला भाग गणिताने परत मिळवण्यासाठी, खर्ची पडते. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जागा जाते आणि दोन डिस्क निकामी झाल्या तरी माहिती टिकते.

रेड ५ मोठ्या डिस्कसाठी धोक्याचा का मानतात, हे साध्या हिशेबाने कळते. ८ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरली तरी सुमारे १५ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क सलग वाचल्या जातात आणि संचाला कोणतेही संरक्षण नसते. घरगुती श्रेणीच्या अनेक डिस्कच्या तपशीलपत्रकात वाचनदोषाची कमाल मर्यादा सुमारे १२.५ टीबी वाचनामागे एक अशी दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात. तरीही ८ टीबीच्या तीन डिस्कच्या संचात दुरुस्तीसाठी १६ टीबी वाचावे लागतात, हे विसरता येत नाही. यास्तव दोन डिस्क असल्यास मिरर, चार असल्यास दोन मिरर, आणि पाच-सहा असल्यास रेड ६ किंवा त्याचा समकक्ष प्रकार, ही घरासाठी सुरक्षित वाट होय.

फाइल सिस्टीम : कोणती कशासाठी

डिस्कवरील कोरी जागा म्हणजे नुसते गोदाम. कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे याची वही फाइल सिस्टीम ठेवते.

ईएक्सटी४ ही २००८ पासून लिनक्समध्ये स्थिर मानली जाते. अचानक वीज गेली तरी जर्नलच्या साहाय्याने ती स्वतःची वही सावरते. दुरुस्तीची साधने परिपक्व आहेत. प्रणालीच्या एसएसडीसाठी हीच घ्यावी. ती सुरुवातीलाच ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. ४ टीबीच्या डिस्कवर हे २०० जीबी होतात. केवळ माहितीच्या डिस्कवर हे प्रमाण कमी करता येते.

एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात घडवली. मोठ्या फाइलींसाठी, उदाहरणार्थ चित्रीकरणासाठी, ती उत्तम. मात्र तिचा आकार वाढवता येतो, कमी करता येत नाही.

या दोन्हींत एक उणीव आहे. त्या आपल्या वहीची पडताळणी करतात, पण फाइलीतील मजकुराची नाही. डिस्कवर एखादा बिट गुपचूप पालटला, तर छायाचित्राचा खालचा भाग करडा दिसू लागेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. तोवर तीच बिघडलेली प्रत बॅकअपवरही जाऊन बसलेली असते.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या उणिवेवर उपाय करतात. प्रत्येक तुकड्याचा चेकसम त्या जपतात आणि वाचताना पडताळतात. मिरर असल्यास बिघडलेला तुकडा दुसऱ्या डिस्कवरील चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करतात. दोन्हींत जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवणे, जवळजवळ फुकटात होते. मुलाने चुकून फोल्डर पुसला तर कालचा स्नॅपशॉट उघडून तो परत घेता येतो.

झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली आणि २००५ मध्ये खुली झाली. परवान्याच्या अडचणीमुळे ती लिनक्सच्या गाभ्यात नाही, वेगळी बसवावी लागते. घरासाठी ८ जीबी मेमरी पुरते. ईसीसी मेमरी असल्यास उत्तम, परंतु ती अट नव्हे. पूल तयार करताना ‘अ‍ॅशिफ्ट’ हे मूल्य १२ ठेवावे, कारण ते नंतर बदलत नाही. साठा ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये. पॅरिटीच्या संचात एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपन-झेडएफएसच्या २.३ या आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये आली.

बीटीआरएफएस २००९ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क ती सांभाळून घेते : ४, ४ आणि ८ टीबीच्या डिस्कचा मिरर केल्यास ८ टीबी वापरता येतात. मात्र तिच्या रेड ५ व ६ प्रकारांवर आजही विसंबू नये.

एनटीएफएस आणि एक्सफॅट विंडोजशी देवाणघेवाण करणाऱ्या सुट्या डिस्कसाठी ठीक. सर्व्हरच्या मुख्य साठ्यासाठी नव्हेत. सर्व्हरवर कोणतीही फाइल सिस्टीम असली, तरी घरातील विंडोज संगणकांना ती सांबाद्वारे सामायिक फोल्डर म्हणूनच दिसते.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी वाचकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ईएक्सटी४ आणि झेडएफएसमध्ये फाइलीचे नाव साधारणतः २५५ बाइटांत मावावे लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार व हलंतही स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे ‘श्री’ हे एक अक्षर १२ बाइटांचे! एकूण मर्यादा ८५ चिन्हांची होते. विंडोजवर लिहिलेले लांबलचक मराठी नाव त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर नाकारले जाऊ शकते.

‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र टंकलेखनाच्या निरनिराळ्या साधनांतून निरनिराळ्या सांकेतिक रूपांत उमटतो. डोळ्यांना नाव एकच दिसते, संगणकाला दोन भिन्न. शोध घेतला की निम्म्या फाइली सापडतच नाहीत. झेडएफएसमध्ये यांपैकी काही रूपे एक मानण्याची सोय आहे, पण ती साठा निर्माण करतानाच निवडावी लागते. सोपा उपाय हा की, नावे आखूड ठेवावी आणि आरंभी वर्ष घालावे : ‘२०२४-चतुर्थी’, ‘१९८७-मुंज’.

एक नमुना आराखडा

मध्यम कुटुंबासाठी पुढील रचना पुरेशी व्हावी. प्रणालीसाठी २५० जीबी एसएसडी, ईएक्सटी४. माहितीसाठी ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क, झेडएफएस मिरर. त्यात ‘छायाचित्रे’, ‘कागदपत्रे’, ‘चित्रफिती’ आणि ‘इतर’ असे स्वतंत्र डेटासेट. पहिल्या दोन्हींचे दररोज स्नॅपशॉट; ‘इतर’चे घेतले नाहीत तरी चालेल. चित्रफितींसाठी रेकॉर्डसाइझ १ एमबी. दोन्ही डिस्क शक्यतो वेगळ्या तुकडीतील असाव्यात, म्हणजे एकच उत्पादनदोष दोघींना एकदम गाठणार नाही.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

मिररमध्ये फाइल पुसली की दोन्हीकडून तत्क्षणी पुसली जाते. विजेचा लोळ आला, घरात पाणी शिरले किंवा संगणक चोरीस गेला, तर स्नॅपशॉटही त्यासोबतच जातात. म्हणून ३-२-१ हा संकेत पाळावा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर.

घराबाहेरील प्रतीसाठी गोमंतकीयांना एक सोय आहे. शहरातील घर आणि गावचे घर अशी दोन घरे अनेकांची असतात. दोन बॅकअप डिस्क घ्याव्या. चतुर्थी, दिवाळी आणि शिगमो अशा तीन वेळी गावी जाताना ताजी डिस्क न्यावी, तेथील जुनी परत आणावी. मधल्या काळातील पहिल्या गटाची माहिती क्लाउडवर ठेवता येते. नेआण होणारी डिस्क कूटबद्ध असावी आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

वीज, पाऊस आणि देखभाल

पावसाळ्यात वारंवार जाणारी वीज हा सर्व्हरचा मोठा शत्रू. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसल्यास वीज बदलताना लागणारा क्षणभराचा विलंब संगणक बंद पाडू शकतो. शिवाय बॅटरी संपत आल्याची सूचना तो सर्व्हरला देत नाही. यूएसबी जोडणीचा लहान यूपीएस घेतल्यास ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर वेळीच सर्व्हर रीतसर बंद करते. सर्व्हर ओल येणाऱ्या भिंतीलगत किंवा बंद कपाटात ठेवू नये.

महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवावा; तो साठ्यातील प्रत्येक तुकडा वाचून पडताळतो. स्मार्ट निर्देशकांवर लक्ष ठेवावे, पण त्यांवरच भिस्त ठेवू नये. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख निर्देशकांवर आगाऊ इशारा दिलाच नव्हता.

वर्षातून दोनदा बॅकअपमधून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप ही केवळ आशा असते.

आणि शेवटी, एक काम संगणकाबाहेरचे. कोणत्या डिस्कवर काय आहे, कूटबद्ध डिस्कचा पासवर्ड कोणता, बिघाड झाल्यास पहिली पायरी कोणती, हे कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावे आणि घरातील आणखी एका व्यक्तीला समजावून सांगावे. सर्व्हर उभारणारा माणूस नसेल त्या दिवशीही घरच्यांना आपला ठेवा उघडता आला पाहिजे.