नकाशे, मुंबई उपनगरांचे

भूपृष्ठाच्या एखाद्या भागाचे ठरावीक प्रमाणात व सांकेतिक चिन्हांच्या साहाय्याने सपाट पृष्ठावर केलेले आलेखन म्हणजे नकाशा होय. प्रदेशातील सर्वच गोष्टी नकाशात दाखविणे शक्य नसते. प्रयोजनानुसार काही निवडल्या जातात व बाकीच्या वगळल्या जातात. या निवडीचे परिणाम प्रत्यक्ष भूमीवर व तीवर राहणाऱ्या लोकांवर होतात. मुंबईच्या उपनगरांचे, विशेषतः मिठी नदीच्या खोऱ्यातील वाकोला परिसराचे नकाशे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

पूर्वपीठिका : मृत्तिकाफलकावरील बॅबिलोनियन जगनकाशा सु. इ. स. पू. सहाव्या शतकातील मानला जातो. मर्केटरने 1569 मध्ये तयार केलेल्या नकाशावर स्थिर दिशेचा मार्ग सरळ रेषेने दाखविता येत असल्याने खलाशांची सोय झाली. मात्र त्यात ध्रुवांजवळचे प्रदेश अवास्तव मोठे दिसतात. पोर्तुगीज नाविक झ्वांव द कास्त्रो याने 1538–39 मध्ये गोवा ते दीव या किनाऱ्याचे वर्णन व आलेखन केले. ते बंदरांत शिरणाऱ्या जहाजांसाठी होते. मराठेकालीन मोडी लिपीतील नकाशांत अचूक प्रमाणापेक्षा किल्ले, नद्या व मार्ग यांच्या परस्परस्थानाला महत्त्व दिलेले आढळते. शास्त्रशुद्ध त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया विल्यम लॅम्टन याने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून घातला.

महसुली मोजणी : मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीला गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1835 नंतर इंदापूर तालुक्यात केलेल्या कामापासून पक्के स्वरूप आले. मोजणीसाठी 33 फूट लांबीची, सोळा आण्यांत विभागलेली शंकुसाखळी वापरीत. एका साखळीचा चौरस म्हणजे 1,089 चौ. फूट, अर्थात एक गुंठा व 40 गुंठ्यांचा एक एकर. आजही जमिनीच्या व्यवहारात रुळलेला गुंठा हा या साखळीचाच वारसा होय. प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला व त्याची हद्द आणि क्षेत्र गावनकाशावर नोंदले गेले. या मोजणीचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. त्यामुळे ओढा-नाला यांची जागा लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीतून वगळली जाई. पावसाळ्यात त्याचे पाणी कोठवर पसरते, हे या नकाशावरून कळत नसे. गावठाणातील घरांच्या जागांवर शेतसारा नसल्याने त्यांचीही सामान्यतः स्वतंत्र मोजणी झाली नाही.

वाकोला हा भाग महसुली दप्तरात मौजे कोळे-कल्याण या गावात मोडतो. लोकव्यवहारात वाकोला हे नाव रूढ असले, तरी मिळकतीच्या कागदपत्रांत कोळे-कल्याण हेच नाव येते. जुनी शेती लोपली, तरी तिच्यासाठी आखलेली मौज्याची चौकट अशा रीतीने टिकून राहिली.

नगर भूमापन व नियोजन : मुंबई बेटाचे सविस्तर नगर भूमापन लॉटन याने 1865–72 या काळात 1 इंचास 40 फूट या प्रमाणावर केले. या प्रमाणावर प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे दाखविता येते. साष्टीतील गावे बृहन्मुंबईत 1950 व 1957 मध्ये समाविष्ट झाली. उपनगरांतही मौजेवार नगर भूमापन क्रमांक व मिळकत पत्रिका ही पद्धत आली. पुढे 1967 च्या विकास योजनेने जमिनीच्या भावी वापराचे आलेखन केले. मिळकतीचा नकाशा हक्क दाखवितो व विकास योजना संकल्प दाखविते. परंतु उतार आणि प्रवाह यांचे ज्ञान या दोहोंवरून पुरेसे होत नाही. झोपडपट्टीतील घरांनाही मिळकतीच्या नकाशात बहुधा स्वतंत्र स्थान नसते.

1*2005 चा महापूर : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिमी. पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात केवळ सु. 73 मिमी. पाऊस झाला. मिठी व तीस मिळणारा वाकोला नाला यांच्या काठच्या वस्त्या जलमय झाल्या आणि मुंबईत शेकडो लोक मृत्युमुखी पडले. नदीकाठच्या दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुलासारखी बांधकामे झाली होती व पात्रेही आक्रसली होती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 2006 मध्ये अहवाल दिला. जमिनीतील सूक्ष्म उंचीभेद दाखविणाऱ्या समोच्च रेषांच्या नकाशांची निकड या आपत्तीनंतर प्रकर्षाने पुढे आली.

अंकीय नकाशे : 1960 नंतरच्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडात भौगोलिक माहिती प्रणाली विकसित झाली. तीत हद्दी, रस्ते, उंची, नाले इत्यादींचे स्वतंत्र थर संगणकात साठवून ते एकमेकांवर ठेवून पाहता येतात. भारताचा आयआरएस-1ए हा दूरसंवेदन उपग्रह 1988 मध्ये सोडण्यात आला. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ 2009 पासून उपलब्ध आहे, तर 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशानिर्मितीवरील अनेक निर्बंध दूर केले. मुंबईसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘आयफ्लोज’ या पूर-पूर्वसूचना प्रणालीत पाऊस, भरती-ओहोटी, भूमीची उंची व जलनिःसारण यांची माहिती एकत्र आणली जाते. त्याच वर्षी आरंभ झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ग्रामीण गावठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने हाती घेण्यात आली.

तथापि अंकीय साधनांनी निवडीचा प्रश्न संपत नाही. मुंबईच्या विकास योजनेचा 2015 चा प्रारूप आराखडा संगणकाच्या साहाय्याने तयार होऊनही त्यात अनेक चुका आढळल्या व शासनाला त्याच्या फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. उपग्रहास छपरे दिसतात; छपराखालील वहिवाट किंवा बुजलेल्या नाल्याचा जुना मार्ग दिसत नाही. त्यासाठी जुने गावनकाशे, प्रत्यक्ष स्थळपाहणी व स्थानिक रहिवाशांची माहिती यांची जोड आवश्यक ठरते.