दुरून शिकविण्याची विद्या



मलकापूर हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरील कापसाच्या व्यापाराचें गांव. येथें गाडींत चढविलेली गांठ जशी मुंबईस जशीच्या तशी उतरते, तसेंच दूरच्या शिक्षकाचें ज्ञानहि विद्यार्थ्याच्या मनांत उतरत असावें, अशी पुष्कळांची समजूत असते. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, धडे मोबाईलवरून येऊं लागले, आणि या समजुतीची कसोटी लागली. धडा पोंचला, परंतु ज्या मुलाची शंका ओठांतच राहिली, त्याला तो समजला काय?

प्रश्न नवा नाहीं. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणें नभोवाणी केंद्रावरून, युनेस्कोच्या साहाय्यानें, शेतकऱ्यांसाठीं एक प्रयोग झाला. कॅनडांत १९४१ सालीं सुरू झालेल्या श्रोतृमंडळांचा कित्ता पुढें होता. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, असे एकंदर २० कार्यक्रम झाले.

ऐकणें हें येथें केवळ निमित्त होतें. कार्यक्रम संपला कीं मंडळी आपसांत विचार करूं लागत: ही गोष्ट आपल्या गांवीं साधेल काय? अडचण कोणती? त्यांच्या शंका केंद्राकडे जात व पुढील कार्यक्रमांतून उत्तरें मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणींत असें आढळलें कीं, मंडळें असलेल्या गांवांत लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. जेथें मंडळ नव्हतें तेथें, रेडिओ असूनहि, वाढ अल्पच झाली.

विचाराचा आरंभ अडचणींतून होतो, हें जॉन ड्यूई यांनीं १९१० सालींच मांडलें होतें. पुढें १९६५ सालीं रॉबर्ट गान्ये यांनीं अध्ययनाचे प्रकार लावतांना समस्या सोडविणें हा सर्वांत वरचा मानला. त्यासाठीं आधींच्या ज्ञानाचा पाया असावा लागतो, असें त्यांचें म्हणणें.

बुलढाणा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो मुंबई राज्यांत आला. त्यामुळें तो प्रयोग आपल्या दारापर्यंत आला नाहीं. त्याचा धडा मात्र आजहि घेतां येईल. गुलाबी बोंडअळीची माहिती सांगून थांबणारा पाठ एक. आणि "आपल्या शेतांतील दहा बोंडें फोडा, किती किडलीं तें कळवा," असें सांगून उत्तराची वाट पाहणारा पाठ दुसरा. यंत्र दोहोंचें एकच असेल. शिक्षण मात्र दुसऱ्यांतच आहे.