कित्ता घालून देणे

मराठी पवित्र शास्त्रात पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा आणि एकविसावे वचन वाचा. ख्रिस्ताने दुःख सोसून आपल्यासाठी मागे काय ठेवले, हे सांगताना तिथे जो शब्द आला आहे तो देवळातला नाही की मठातला नाही. तो थेट शाळेतला आहे : कित्ता. तरुण तीमथ्याला पौल लिहितो, की बोलण्यावागण्यात, प्रीतीत, विश्वासात इतरांसाठी असा असा हो. तिथेही मराठीत तोच शब्द आहे. माझ्या मते मराठी बायबलमधल्या अत्यंत नेमक्या शब्दांपैकी हा एक आहे.

शब्द आपल्याकडे आला तो अरबी-फारसीतून. अरबीत ‘क़त्अ’ म्हणजे कापणे आणि ‘क़ित्आ’ म्हणजे कापलेला तुकडा. फारसी सुलेखनाच्या परंपरेत एखाद्या उस्तादाने एका सुट्या पानावर काढलेल्या सुंदर अक्षरांच्या नमुन्याला क़ित्आ म्हणत, आणि शिकणारे ते पान समोर ठेवून हात बसवत. मराठीत तो कित्ता झाला आणि पंतोजींच्या शाळेत रुळला. आधी धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढायची, मग बोरू हातात घ्यायचा, मग पंतोजींनी घालून दिलेला कित्ता पुढे ठेवून मोडी वळवायची. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार तिथून निघाला आणि अक्षरांवरून माणसांच्या वागण्यापर्यंत पोहोचला.

पेत्राच्या पत्राच्या मूळ ग्रीकमध्ये या जागी ‘हुपोग्रम्मोस’ हा शब्द आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘ग्राफो’ म्हणजे लिहिणे. नव्या करारात तो या एकाच ठिकाणी येतो, आणि त्याचा अर्थ मुलांना लिहायला शिकवताना घालून दिलेला अक्षरनमुना असाच आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट मुलांच्या अशा नमुन्यांविषयी लिहितो. त्यांत वर्णमालेतली सगळी अक्षरे येतील अशी शब्दरचना असे. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात, हात न वळलेल्या मुलांसाठी गुरुजी आधी लेखणीने रेघा आखून देतात आणि मुलांना त्या धरून लिहायला लावतात, असा उल्लेख आहे. रोमचा क्विंटिलियन त्याहून पुढे जातो. लाकडी पाटीवर अक्षरे कोरून घ्यावीत, म्हणजे मुलाची लेखणी त्या खाचेतून चालेल आणि बाहेर घसरणार नाही, असे तो सुचवतो. हा क्विंटिलियन पेत्राच्या पत्राच्याच शतकातला. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकले त्यांच्यातल्या लिहिता येणाऱ्यांना हुपोग्रम्मोस म्हटल्यावर स्वतःची लहानपणची पाटीच आठवली असणार. ग्रीक शाळेतल्या पाटीसाठी अनुवादकांना मराठी शाळेतली पाटीच मिळाली. दोन भाषांत असा तंतोतंत जोड क्वचित बसतो.

त्याच वचनात लगेच पावलांवर पाऊल ठेवून चालण्याची गोष्ट येते. मराठीत हे दोन्ही वाक्प्रचार शेजारी शेजारीच नांदतात, म्हणून वाचताना ठेच लागत नाही.

गिरवणे ही क्रिया मात्र जवळून बघण्यासारखी आहे. गुरुजी पाटीवर ठळक ‘श्री’ काढून देतात. मूल त्यावरून पेन्सिल फिरवते. पहिल्या फेरीत श्रीची वेलांटी बाहेर जाते, दुसऱ्या फेरीत आत येते, दहाव्या फेरीपर्यंत पाटीवरचे अक्षर चांगले बोटभर जाड आणि खडबडीत होते. दिसायला ते गुरुजींच्या अक्षरापेक्षा कितीतरी वाईट. पण हाताला त्याची वाट कळलेली असते. पाटी पुसली तरी ती वाट हातातून पुसली जात नाही, आणि मग मूल कोऱ्या पाटीवर आपले स्वतःचे श्री काढते. ते गुरुजींसारखे असते तरी ते त्या मुलाचेच अक्षर असते; चार मुलांनी एकच कित्ता गिरवला तरी चौघांची अक्षरे ओळखू येतात. ख्रिस्ताचे अनुकरण म्हटले की सगळे एका साच्यातले होतील अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी एकदा शाळेच्या वह्या चाळाव्यात.

या शिकण्याला मराठीत आणखी एक शब्द आहे : वळण. अक्षराला वळण असते, मुलाला वळण लावतात, आणि घराण्याचे वळण पिढ्यान्‌पिढ्या चालते. अक्षराची गोलाई आणि वागण्याची रीत यांना मराठीने एकच शब्द दिला तो उगाच नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचे नाव ‘शिकवण’ आहे आणि त्याचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. माणसाने कसे वागावे हे सांगायला बसलेल्या समर्थांनी सुरुवात केली ती अक्षर कसे काढावे इथून. बायबलमध्ये कित्ता शब्द घालणाऱ्यांच्या मागे ही सगळी समज उभी होती.

करिंथच्या मंडळीला पौल लिहितो, की मी ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा. आजच्या वाचकाला यात अहंकाराचा वास येतो. इतका मोठा माणूस झाला तरी त्याने ‘माझ्यासारखे व्हा’ म्हणावे का? मला वाटते, उत्तर कित्त्याच्या वहीतच आहे. वहीत सगळ्यात वर छापील ओळ असते आणि खाली रिकाम्या ओळी. मुलाची पहिली ओळ बरी येते, कारण नजर वरच्या छापील ओळीवर असते. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून ते आपल्याच आधीच्या ओळीकडे बघून लिहू लागते, आणि पानाच्या तळाशी अक्षर पार वाकडे झालेले असते. पौलाने स्वतःला पुढे केले खरे, पण त्याच वाक्यात बोट वरच्या ओळीकडे ठेवले. माझी ओळ बघा, पण मी कुठे बघून लिहिली तेही बघा. हे दुसरे सांगायला जो पाळक, जो पुढारी, जो बाप विसरतो, त्याच्यामागून चालणाऱ्यांची अक्षरे बिघडणारच.

पौलाचा तिथला ग्रीक शब्द ‘मिमेतेस’, म्हणजे अनुकरण करणारा. नाटकातल्या सोंगाला ग्रीकमध्ये ‘मिमोस’ म्हणत, तो याच घरातला. त्यामुळे या शब्दाला सोंगाची भीती जन्मापासूनच चिकटलेली आहे. मराठीत ती भीती ‘नक्कल’ या शब्दात आहे. अरबी ‘नक़्ल’ म्हणजे इथले उचलून तिथे नेणे, उतरवून घेणे. सात-बाराची नक्कल आपण तहसीलमधून काढतो आणि गॅदरिंगमध्ये पुढाऱ्याची नक्कल करतो. दोन्हींत वरचा आकार उतरवलेला असतो. कित्ता शब्दालाही कचेरीत एक दुसरा अर्थ आहे. सरकारी तक्त्यांत वरच्याच नोंदीचा पुन्हा उल्लेख करायचा तर खाली ‘कित्ता’ लिहितात, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कारकुनाला तो सोयीचा आहे, श्रद्धेला मात्र घातक. आजोबा देवळात जात, वडील जात, म्हणून मीही जातो, बाकी कित्ता : असा ख्रिस्ती माणूस तक्त्यात भरतीला असतो, पण गिरवून काही शिकलेला नसतो.

आता कित्त्यात नेमके लिहिले काय आहे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. मग सांगतो, की मी जसे केले तसे तुम्हीही एकमेकांना करावे म्हणून हे केले. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्याकडे पाय धुतले जातात ते वरच्याचे : गुरूचे, जावयाचे, महाराजांचे. पाद्यपूजा खालून वर जाते. ती सवय घेऊन हा अध्याय वाचला तर त्यातली उलथापालथ सुटून जाते. तिथे गुरू शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र अवघडून पाय मागे घेतो. दर वर्षी पवित्र गुरुवारी वसईत, गोव्यात, जगभरच्या चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तो हाच कित्ता. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले. त्यांच्यात मुस्लीमही होते. २०१६ मध्ये या विधीत स्त्रियांनाही घेता येईल असा नियम त्यांनी अधिकृतपणे केला. गिरवता गिरवता अक्षर मूळच्या जवळ जाते ते असे.

पेत्राच्या पत्रातला कित्ता याहून कठीण आहे. तो भाग घरातल्या गुलामांना उद्देशून आहे, ज्यांना काही अपराध नसताना मार पडत होता. त्यांच्यासमोर पेत्र निंदेला निंदेने उत्तर न देणारा, दुःख देणाऱ्याला न धमकावणारा ख्रिस्त ठेवतो. याच वचनांचा आधार घेऊन पुढे मालकांनी गुलामांना गप्प बसवले, हा इतिहास लपवण्यात अर्थ नाही. पण त्या उताऱ्यात कित्ता ख्रिस्ताचा आहे, मालकाचा नाही. मालकाच्या माराला तिथे अन्यायच म्हटले आहे. मराठीत ‘धडा शिकवणे’ म्हणजे उट्टे काढणे आणि ‘धडा घालून देणे’ म्हणजे स्वतः वागून दाखवणे. क्रियापद बदलले की माणूसच बदलतो. ख्रिस्ताने क्रुसावरून कुणाला धडा शिकवला नाही; त्याने धडा घालून दिला.

वाईटाचे वळण मात्र शिकवावे लागत नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असे आपला शेतकरी म्हणतो. ढवळा म्हणजे पांढरा, पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, आणि ‘वाण’ हा ‘वर्णा’चा वंशज. रंग बदलत नाही, पण खोड उचलली जाते. योहानाचे तिसरे पत्र, जे नव्या करारातले सर्वांत छोटे पुस्तक म्हणता येईल, याच चिंतेने लिहिलेले आहे. एका मंडळीत गायस आहे, जो अनोळखी प्रवासी बांधवांना घरात घेतो. तिथेच दियत्रफेस आहे, ज्याला पहिला मान हवा असतो. तो त्या प्रवाशांना दारात उभे करत नाही आणि करणाऱ्यांनाही मंडळीबाहेर घालवतो. देमेत्रियाविषयी मात्र सगळे चांगले बोलतात. गायसाने वाईटाचे नव्हे, बऱ्याचे अनुकरण करावे, असे योहान सांगतो आणि बरे-वाईट नावानिशी पुढे ठेवतो. अमूर्त सद्गुणांची यादी त्याने दिली नाही. पाहुणचार कसा करायचा हे पाहुणचार करणाऱ्याकडे बघूनच कळते.

तीमथ्याच्या पत्रात मराठीने जिथे कित्ता लिहिले तिथे ग्रीक शब्द ‘तुपोस’ आहे. त्याचा धातू ठोकण्याचा. ठोकल्याने उमटलेली खूण ती तुपोस. छापखान्यातला ‘टाईप’ याच शब्दाचा नातू, आणि मराठीत त्याला आपण खिळा किंवा ठसा म्हणत आलो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, आणि ते खिळे जुळवायला तिथल्याच बायका शिकल्या; १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर, ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. पण योहानाच्या विसाव्या अध्यायात हाच तुपोस फार वेगळ्या जागी येतो. थोमा म्हणतो, त्याच्या हातांवर खिळ्यांची खूण पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. ती खूण म्हणजे तुपोस. आदर्श आणि जखम यांना एकच शब्द! ज्याच्यावर घाव बसला आणि जो तरी तसाच राहिला, त्याचाच ठसा दुसऱ्यावर उमटतो, असे मला त्यातून उमगते.

‘आदर्श’ शब्दाची गोष्टही सांगायला हवी. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, आणि आपला ‘आरसा’ त्याच आदर्शातून प्राकृतमार्गे झिजत आला. आरशात बघून लगेच निघून जाणाऱ्या आणि आपण कसे दिसतो हे विसरणाऱ्या माणसाविषयी याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. आदर्शाचे तसेच होते. भिंतीवर तसबीर लावायची, जयंतीला हार घालायचा आणि निघायचे. कित्ता तसा भिंतीवर लावता येत नाही, त्यावर हात फिरवावा लागतो.

मराठी ख्रिस्ती घरात हे घडलेले बघायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य बघा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. पुढे पतीबरोबर राहू लागल्या तरी सोवळेओवळे आणि वेगळी चूल चालूच होती. नवरा ख्रिस्ती, म्हणून बायको ‘कित्ता’, हे त्यांना मान्य नव्हते. टिळकांकडे आणि त्यांच्या नव्या सोबत्यांकडे त्या वर्षानुवर्षे बघत राहिल्या, भांडल्या, आणि माणसामाणसांत भेद देवाने केलेला नाही हे स्वतःला पटले तेव्हा १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर घरातच लिहावाचायला शिकलेल्या या बाईने टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले ते अशा वळणाने, की त्यावर टिळकांची छाया शोधूनही सापडत नाही.

अलीकडच्या सोप्या अनुवादांचा कल ‘उदाहरण’ या शब्दाकडे आहे. उदाहरण समजून घेता येते, फळ्यावर सोडवता येते. हात बसवायला ते कामी येत नाही. यापुढे मराठी बायबल सुधारायला जे बसतील त्यांनी पेत्राच्या त्या वचनातला कित्ता हलवू नये. आणि शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्यांनी मुलांना तो शब्द कठीण वाटला तर बदलून देऊ नये. एक पाटी आणून दाखवावी.