'हिपॉक्रसी' : रंगभूमीवरून नीतिशास्त्रात आलेला शब्द

प्रस्तावना :
दांभिकता वा ढोंग या अर्थाने रूढ असलेला 'हिपॉक्रसी' हा इंग्रजी शब्द मुळात निंदावाचक नव्हता. नटाच्या कलेचे नाव पापाचे नाव कसे झाले आणि त्या अर्थांतराची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रीक उगम :
ज्या ग्रीक क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा जुना अर्थ 'उत्तर देणे' किंवा 'स्वप्नाचा अर्थ सांगणे' असा होता. इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये 'हिपोक्रितेस' म्हणजे नट हा अर्थ स्थिर झाला. इ. स. पूर्व 449 च्या सुमारास तेथील डायोनिससच्या महोत्सवात शोकात्मिकेतील श्रेष्ठ नटासाठी स्पर्धाही सुरू झाली. ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटोरिक' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात 'हिपोक्रिसिस' हा शब्द वक्त्याच्या सादरीकरणासाठी योजला आहे. मात्र इ. स. पूर्व 330 मधील प्रसिद्ध भाषणात डेमॉस्थेनिसने आपला प्रतिस्पर्धी एस्किनिस याला त्याच्या नटपणावरून हिणवले. नट आणि अविश्वास यांची सांगड राजकारणात अशी घातली गेली.

धार्मिक अर्थांतर :
हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात, ईयोबाच्या पुस्तकात, हा शब्द अधर्मी माणसासाठी आला. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात दानधर्म, प्रार्थना व उपवास यांचे प्रदर्शन करणाऱ्यांना, तसेच तेविसाव्या अध्यायात शास्त्री व परूशी यांना उद्देशून तो वारंवार येतो. लॅटिन व फ्रेंचमार्गे तेराव्या शतकाच्या प्रारंभी तो इंग्रजीत आला, तो निव्वळ दोषवाचक होऊनच. परिणामी 'परूशी' हे एका ऐतिहासिक पंथाचे नावही युरोपीय भाषांत ढोंग्याचा पर्याय बनले. वस्तुतः पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस या पंथाचा लोकांवर मोठा प्रभाव असल्याचे नोंदवतो. शब्दाने इतिहासावर केलेला हा अन्याय होय.

मराठीतील भेद :
मराठी बायबलमध्ये यासाठी 'ढोंगी' हा शब्द आढळतो. परंतु ग्रीक शब्दाच्या दोन्ही छटा मराठीतील 'सोंग' या शब्दात आहेत. दशावतारात वा बहुरूप्याच्या खेळात सोंग आणले जाते आणि झोपेचेही सोंग घेतले जाते. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. त्यात निंदेपेक्षा व्यवहाराचे शहाणपण अधिक आहे. रंगभूमीवरील सोंगात पाहणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. ढोंगात त्याला अंधारात ठेवलेले असते. दोष वेषात नसून फसवणुकीत आहे, हा विवेक या दोन शब्दांमुळे मराठीत सहज करता येतो.

निष्कर्ष :
'हिपॉक्रसी'च्या प्रवासात नट आणि प्रेक्षक यांच्यातील संमती गळून पडली व केवळ वंचना उरली. म्हणून जुन्या ग्रंथांचे भाषांतर करताना 'हिपोक्रितेस' या शब्दास सर्वत्र 'ढोंगी' हा एकच प्रतिशब्द देणे उचित ठरणार नाही. काळ व संदर्भ पाहून नट, वक्ता, सोंगाड्या किंवा ढोंगी यांतून निवड करावी लागेल. तसे न केल्यास एका कलेवर आणि एका समाजावर नकळत ठपका ठेवला जातो.