दोन टेपरेकॉर्डर, एक गिटार : ‘नो पुसीफूटिंग’

गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि ध्वनिप्रयोगकार ब्रायन ईनो या इंग्लिश जोडीची ‘नो पुसीफूटिंग’ ही पहिली ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रकाशित झाली. फ्रिप हे ‘किंग क्रिम्सन’ या रॉक वाद्यवृंदाचे आधारस्तंभ, तर ईनो त्याच वर्षी ‘रॉक्सी म्युझिक’मधून बाहेर पडलेले. दोघांचेही नाव झालेले होते. तरीही या तबकडीत ना शब्द होते, ना ड्रमचा ठेका. दोन बाजूंवर सुमारे २१ आणि १९ मिनिटांच्या दोनच रचना होत्या.

पहिली रचना ‘द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन’ ८ सप्टेंबर १९७२ रोजी ईनो यांच्या लंडनमधील घरी ध्वनिमुद्रित झाली. त्यासाठी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोहोंतून ओवण्यात आली. पहिल्या यंत्रावर मुद्रित झालेला गिटारचा स्वर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे आणि पुन्हा पहिल्याकडे पाठवला जाई. प्रत्येक फेरीत तो किंचित मंद, धूसर होई. त्यावर नवा स्वर चढे. वादकाने नुकतेच वाजवलेलेच त्याची साथसंगत बनत असे. या दाट स्वरपटावर फ्रिप यांनी दीर्घ एकलवादन केले. दुसऱ्या रचनेत, ऑगस्ट १९७३ मध्ये, ईनो यांच्या सिंथेसायझरची भर पडली.

हे तंत्र सर्वस्वी नवे नव्हते. अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांनी १९६०च्या दशकातच ते वापरले होते. हेच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले.

प्रकाशनसमयी रॉकच्या श्रोत्यांनी व समीक्षकांनी या मुद्रिकेची फारशी दखल घेतली नाही. बीबीसीवर जॉन पील यांच्या कार्यक्रमात तर डिसेंबर १९७३ मध्ये तिची फीत चक्क उलटी वाजवली गेली. ही चूक ईनो यांच्या लक्षात आली, इतरांच्या क्वचितच. २००८च्या नव्या आवृत्तीत मात्र उलट्या क्रमाचे मुद्रणही आवर्जून समाविष्ट करण्यात आले.

ईनो यांनी १९७५च्या ‘डिस्क्रीट म्युझिक’मध्ये हीच यंत्ररचना वापरली आणि पुढे ‘अँबियंट’ संगीताची वाट घातली. फ्रिप यांनी तिच्याच बळावर ‘फ्रिपरट्रॉनिक्स’ नावाने एकट्याने मैफली केल्या. आज पायाखालचे ‘लूप पेडल’ दाबून स्वतःच स्वतःला साथ करणारा गिटारवादक सर्वत्र दिसतो. त्याला सहज लाभलेली ही सोय एकेकाळी दोन यंत्रांमध्ये ताणलेल्या फितीवर अवलंबून होती.